दक्षिण वेस

कोळ्याला बुरुजावर आणलं तेव्हा त्याच्या अंगावरून खारं पाणी निथळत होतं आणि थंडीने त्याचे दात वाजत होते. शिपायांनी त्याला खडकांतून वर ओढून घेताना त्याचे गुडघे सोलवटले होते. मी माझी शाल काढून त्याच्या खांद्यांवर टाकली. तो राजापुढे वाकला, पण बोलण्याआधी त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून घेतलं.

"इथे परकं कुणी नाही," राजा म्हणाला. "बोल."

राजा म्हणजे माझा थोरला भाऊ निकांदर. बुरुजावर आम्ही चौघंच होतो: दादा, त्याचा मुलगा लिऑन, सेनापती फोर्बास आणि मी. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले होते. लिऑनच्या जन्माच्या वेळीच वहिनी गेली, तेव्हापासून राजवाड्याचं घर मी सांभाळत होते आणि पोरही माझ्याच हातांत वाढलं होतं. आता त्याला मिसरूड फुटून वर दाढी आली होती, उत्तरेच्या तटावरची एक तुकडी त्याच्याकडे होती, तरी मला तो अजून पोरच वाटायचा.

थुर्मा राज्याच्या सैन्याने आमच्या केरीस नगराला वेढा घातला तेव्हा द्राक्षं हिरवी होती. आता वेलींवरचं सगळं त्यांनीच खाऊन संपवलं होतं. समुद्राकडून त्यांची गलबतं, जमिनीकडून त्यांचे तंबू. आमच्या कोठारांत जवाचा तळ दिसायला लागला होता आणि विहिरींतून पाण्याबरोबर गाळ येत होता. गाढवं केव्हाच कापून खाल्ली होती.

कोळी म्हणाला, "मला एलातोसने पाठवलंय."

एलातोस आमचा धाकटा भाऊ. तो हद्दपार होऊन डोंगरात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. राजवाड्यात त्याचं नाव कुणी घेत नसे. तसा काही हुकूम नव्हता, पण नाव निघालं की दादाचा चेहरा असा कोरा व्हायचा की बोलणारा आपोआप दुसऱ्या विषयावर जायचा. त्या दिवशीही तो तसाच कोरा झाला.

कोळ्याने निरोप नीट सांगितला. एलातोसने डोंगरातली माणसं गोळा केली होती. मेंढपाळ, कोळसेवाले, शिकारी, हाती भाला धरता येईल असे सगळे. परवा दुपारी काळ्या टेकडीवर धूर दिसेल. तो दिसला की ते थुर्माच्या तळावर पाठीमागून तुटून पडतील. तेवढ्यात आम्ही दक्षिण वेस उघडून समोरून बाहेर पडायचं. एकट्याने ते थुर्माला पुरे पडणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं. दोन्हीकडून चेपलं तर शत्रू मोडणार होता.

फोर्बासचा चेहरा उजळला. असा डाव जमण्यासारखा आहे, तो म्हणाला. लिऑनने तर कोळ्याला मिठीच मारली. दादा मात्र काही वेळ खाली तंबूंकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि मोबदल्यात त्याला काय हवंय?"

"काही नाही, महाराज."

"हद्दपारी उठवायची?"

"नाही. ते म्हणाले, वेशीच्या आत पाऊल टाकणार नाही. काम झालं की आल्या वाटेने परत. कोण आलं होतं हे नगराला कळलं नाही तरी चालेल, असंही म्हणाले."

"जमीन? वडिलांच्या मळ्यातला वाटा?"

"मीही त्यांना विचारलं होतं, महाराज," कोळी म्हणाला. "काही नको म्हणाले."

दादाने मान हलवली. "त्याला सांग, धुराची वाट पाहतो." एवढंच बोलून तो जिन्याने खाली उतरला. मला वाटलं, त्याला भावाची आठवण आली असेल.

कोळ्याला मी जवाची पेज दिली. थोडं पडून तो दिवस मावळायच्या आत निघाला. लिऑन त्याला खडकांपर्यंत पोचवायला गेला. डोंगरातली वाट कशी आहे, काका आता दिसतो कसा, असं तो कोळ्याला विचारत होता. जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, मी आता तटावरच राहीन. जेवायला वाट बघू नकोस." त्या दिवसांत सगळेच शिपाई तटावर राहत होते, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आमचा दादा कसा होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

केरीसला त्याच्याइतका चांगला राजा मिळाला नव्हता, असं आजही तिथले जुने लोक सांगतील. तो कुणाचं काही फुकट घेत नसे. फिरायला गेल्यावर एखाद्या शेतकऱ्याने प्रेमाने ओंजळभर अंजीर पुढे केले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात तेलाचा बुधला पोचायचा. नजराणे तर तो दारातूनच परत पाठवी. लहानपणी खेळून आला की तहानेने ओठ सुकलेले असायचे, पण पाणी माग म्हटलं तर मागायचा नाही. विहिरीपर्यंत जाऊन स्वतः काढून प्यायचा. आई त्याचं कौतुक करायची. मीही करायचे.

तो गादीवर बसल्यावर पहिलीच लढाई नदीच्या उतारावर झाली. त्याचा घोडा पाण्यात कोसळला आणि दादाचा पाय त्याखाली चिरडला. एलातोसने ढाल टाकून दिली, त्याला ओढून काढलं आणि सगळ्या सैन्यादेखत पाठुंगळी घेऊन नदी पार केली. दोघंही वाचले, लढाईही जिंकली. रात्रीच्या जेवणात शिपायांना जरा चढली होती. कुणीतरी 'पाठुंगळीचा राजा' म्हणून एक ओळ रचली आणि सगळे हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, जिवावरचं संकट टळल्याचं ते हसू होतं. दादा सगळ्यांत मोठ्याने हसला.

नंतर त्याने एलातोसला घोडा दिला. एलातोसने तो एका लंगड्या झालेल्या शिपायाला देऊन टाकला. दादाने चांदीचा पेला दिला, तो देवीच्या देवळात गेला. मग टेकडीखालचा मळा देऊ केला. एलातोस हसून म्हणाला, "दादा, मी काय परक्याला उचललं होतं का? कशाला हे सारखं सारखं?" त्याच्या मनात काही नव्हतं. तो होताच तसा, हातात काही टिकत नसे त्याच्या. पण प्रत्येक वेळी दादा घरी आला की जेवत नसे. मला वाटायचं, काय ही माया, भावाला कितीही दिलं तरी याचं समाधान होत नाही.

पुढे एका दुष्काळाच्या वर्षी एलातोसने कुणाला न विचारता देवळाचं कोठार उघडून भुकेल्या लोकांना जव वाटले. नगरातले वडीलधारे कुरकुरले. दंडावर भागलं असतं. दादाने त्याला हद्दपार केलं. कायदा सगळ्यांना सारखा, तो म्हणाला. लोक म्हणाले, बघा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही, असा न्याय कुठे मिळणार? मी रडले, पण मलाही तसंच वाटलं.

परवाची दुपार आली. काळ्या टेकडीवर आधी एक बारीक रेघ दिसली, मग धुराचा लोट वर चढला. दक्षिण वेशीमागे फोर्बासची माणसं सकाळपासून ओळीने उभी होती. अडसराला हात लावून सहा गडी तयार होते. मी दादाबरोबर वेशीवरच्या सज्जात होते, कारण जखमींसाठी पाणी आणि चिंध्या तिथेच ठेवायच्या होत्या.

डोंगरातली माणसं उतारावरून खाली आली. त्यांच्याकडे चिलखतं नव्हती. बहुतेकांच्या अंगावर मेंढीची कातडी होती. थुर्माचा तळ जेवायला बसला होता, त्यामुळे पहिला धक्का जोरात बसला. तंबू कोसळले, घोडे सुटले. खालून फोर्बास ओरडला, "महाराज, अडसर काढू?"

दादा म्हणाला, "थांब."

फोर्बासला वाटलं, नेमकी वेळ साधायची असेल. तो थांबला. तोवर थुर्माचे लोक सावरले. त्यांनी ढालींची भिंत केली आणि डोंगरवाल्यांना हळूहळू वेढायला सुरुवात केली. फोर्बास जिना चढून वर आला. आता नाही तर कधी, असं त्याने विचारलं. दादाने त्याला शांतपणे समजावलं. दोघांनाही लढू दे. थुर्माचे लोक दमले, विस्कटले, की आपण ताज्या दमाने उतरू आणि एकालाही परत जाऊ देणार नाही. अर्धवट विजय घेऊन काय करायचंय?

"तोवर डोंगरातले मरतील, महाराज."

"लढाईत माणसं मरतात, फोर्बास. खाली जा."

फोर्बास गेला. सेनापती होता, हुकूम मोडणं त्याला ठाऊक नव्हतं. डोंगरवाले मागे हटले नाहीत. उलट लढत लढत ते वेशीच्या दिशेने सरकू लागले. आम्ही बाहेर पडलो की आमची त्यांची गाठ लवकर पडावी म्हणून असेल. त्यांच्या पुढे एक उंच माणूस होता. शिरस्त्राण नव्हतं, केस पांढरे झाले होते. चालण्याच्या ढबीवरून मी त्याला ओळखलं.

"दादा," मी म्हटलं, "तो एलातोस आहे."

"तो कोण आहे हे मला तुझ्याकडून कळायला नको," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो कठड्यावर हात ठेवून पाहत होता. सूर्य कलला. डोंगरवाल्यांच्या आरोळ्या आधी जोरात येत होत्या, मग तुटक तुटक, मग त्या बंद झाल्या. तेव्हा दादाने शिरस्त्राण चढवलं, खाली उतरला आणि अडसर काढायला सांगितलं.

तो म्हणाला तसंच सगळं झालं. थुर्माचे लोक दमले होते, पांगले होते. काही जण मेलेल्यांच्या अंगावरचं लुटत होते. आमच्या लोकांनी त्यांना समुद्रापर्यंत पळवलं. जे गलबतांवर चढू शकले तेवढेच वाचले. दादा स्वतः सगळ्यांच्या पुढे होता. वेढा उठला. तटावर बायका, म्हातारे, पोरं, सगळे निकांदरच्या नावाचा जयघोष करत होते.

मी बायकांना घेऊन पाण्याच्या घागरींसह बाहेर पडले. फार लांब जावं लागलं नाही. एलातोस वेशीपासून दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर पडला होता. त्याच्या अंगावर आडवा पडून लिऑन होता.

मी पहिल्यांदा त्याला ओळखलंच नाही. मेंढीचं कातडं पाहून डोंगरातलाच कुणी समजले आणि त्याला बाजूला सारायला त्याच्या खांद्याला हात घातला. मग त्याचा चेहरा वर आला.

जवळच एक डोंगरवाला पोटाला हात दाबून बसला होता. मी त्याला पाणी पाजलं. तो घोट घोट पीत सांगत होता, तेवढ्यात दादा घोड्यावरून तिथे आला. लोकांनी त्याच्या कपाळाला हिरव्या फांद्या बांधल्या होत्या. तो उतरला, पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. डोंगरवाल्याने त्याला ओळखलं की नाही कोण जाणे, पण तो बोलायचा थांबला नाही.

तो म्हणाला, हा मुलगा परवा कोळ्याबरोबर आला. एलातोस त्याच्यावर खूप रागावला, परत जा म्हणाला. पोरगा ऐकेना. मुलगा म्हणाला, "काका, बाबांनी होकार दिला, पण मी त्यांचा चेहरा पाहिलाय. मी तुमच्यात असलो की वेस नक्की उघडेल." एलातोस म्हणाला, "वेडा आहेस. दादाने शब्द दिला म्हणजे दिला. तुला यायची काही गरज नव्हती." पण परतीची वाट तोवर बंद झाली होती, म्हणून मुलगा राहिला.

"तुझ्या बापाला ठाऊक आहे का, असं त्याला कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"तो म्हणाला, तुकडीतल्या एकाला सांगून आलोय, तो बाबांना सांगेल," डोंगरवाला म्हणाला. "शेवटपर्यंत वेशीकडेच बघत होता. आता उघडतील, आता उघडतील, म्हणत होता."

तुकडीतला तो शिपाई आदल्या दिवशीच उत्तर तटावर बाण लागून मेला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

दादाने कपाळाच्या फांद्या काढल्या. लिऑनला त्याने आणि मी मिळून उचललं.

दुसऱ्या दिवशी दोघांना अग्नी दिला आणि चौकात सभा भरली. नगरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाने भाषण केलं. राजाचा डावपेच असा की पिढ्यान् पिढ्या सांगितला जाईल, तो म्हणाला, आणि त्यासाठी राजाने आपला भाऊ आणि मुलगा दिला. असा त्याग कुणी केला नाही. लोक मान खाली घालून ऐकत होते. बरेच जण रडत होते. फोर्बास मागे उभा होता आणि जमिनीकडे पाहत होता. त्याने तोंड उघडलं नसतं. मीही उघडलं नसतं. दादाने हूं म्हटलं असतं तर तो मरेपर्यंत राजा राहिला असता.

तो उठला आणि म्हणाला, "डावपेच नव्हता."

भाषण करणारा वृद्ध खाली बसला.

"वेस मी मुद्दाम बंद ठेवली. धूर दिसल्याबरोबर उघडली असती तरी आपण जिंकलो असतो, हे फोर्बासला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मग केरीसला एलातोसने वाचवलं असतं. मला एकदा वाचवलं, आता नगराला. त्याने काही मागितलं असतं तर मी देऊन मोकळा झालो असतो. राज्य मागितलं असतं तरी दिलं असतं. तो काहीच मागत नव्हता. मी त्याचा मिंधा होतो. आणखी मिंधा व्हायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. माझा मुलगा तिथे आहे हे मला माहीत नव्हतं, पण माझा भाऊ आहे हे माहीत होतं."

मग तो वृद्ध पुन्हा उठला. शेजाऱ्यांशी कुजबुजून त्याने सांगितलं की देवांनी राजाला शिक्षा दिली आहे, तिच्यावर माणसांनी आणखी काय द्यायची. नगर त्याला क्षमा करतं. त्याने राज्य चालवावं. लोकांतून होकाराचा आवाज उठला. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"नको," दादा म्हणाला. "ते मला पेलणार नाही."

त्याने राजदंड फोर्बासच्या हातात दिला आणि चौकातून निघाला.

मी त्याच्याबरोबर डोंगरात गेले ते त्याच्यासाठी नव्हे. एलातोसच्या अस्थी त्याच्या बायकोला पोचवायला घरातलं कुणीतरी जायला हवं होतं. दादा दोन पावलं पुढे चालत होता आणि कलश त्याच्याजवळ होता. मी लिऑनचं नाव घेतलं असतं तर मला पुढे चालवलं नसतं.

एलातोसची बायको थिआनो डोंगरातली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दगडी घर, दारात जातं, दोन मुलगे शेळ्या घेऊन गेलेले. जिवंत राहिलेल्या माणसांनी तिला सगळं सांगितलेलं होतं. वेस कधी उघडली तेही. आम्हाला पाहून ती उठली. कलश हातांत घेतला, आत नेऊन ठेवला आणि काही वेळाने बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते.

दादाने गुडघे टेकले. कमरेची तलवार काढून तिच्यापुढे ठेवली. "तुझ्या नवऱ्याला मी मारलं," तो म्हणाला. "तू सांगशील ते मला मान्य आहे."

तिने तलवारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वन्सं, दमला असाल. आत या." मग ती त्याला म्हणाली, "भावोजी, पाय धुवून घ्या. भाकरी टाकतेच आहे."

"मी जेवायला आलो नाही."

"हे त्यांचं घर आहे," थिआनो म्हणाली. "त्यांच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं त्यांना खपत नसे."

"त्याबदली मी काय करू ते तरी सांग."

"काही नको," ती म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

तो अंगणात दगडावर बसला. तिने भाकरी आणून त्याच्या हातात दिली. ती गार होईपर्यंत त्याने ती तशीच धरून ठेवली होती. मग त्याने एक तुकडा मोडला. घास गिळताना त्याला मान पुढे काढावी लागत होती, आजाऱ्यासारखी. ती सगळी भाकरी त्याने संपवली.

आम्ही तिथेच राहिलो. केरीसला परत जाण्यासारखं माझंही काही उरलं नव्हतं. दादाने शेळ्या राखतो म्हटलं, तर थिआनो म्हणाली मुलगे आहेत. त्याने सरपण आणून टाकलं की ती त्यातलं अर्धं शेजारणीला देऊन टाकी. ती हे सूड म्हणून करत होती की तिचा स्वभावच तसा होता, मला सांगता येत नाही. मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ती त्याच्यापुढे भाकरी ठेवायची आणि तो खाली मान घालून खायचा. अशी पुष्कळ वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली.

एका थंडीत थिआनो तापाने अंथरुणाला खिळली. मुलगे वरच्या कुरणात होते आणि मी तिच्या उशाशी बसले होते. सकाळ उलटून गेली तरी चूल पेटली नव्हती आणि दादाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याला भाकरी करता येत होती, पीठही समोरच होतं. तो दारात आला. चौकटीला धरून तो बराच वेळ उभा राहिला, काहीतरी बोलायचं आहे आणि जीभ उचलत नाही अशा माणसासारखा.

"थिआनो," तो म्हणाला, "मला भूक लागलीय. भाकरी देतेस का?"

मी उठायला लागले. थिआनोने माझा हात धरून मला खाली बसवलं. ती स्वतः उठली, भिंतीला धरत चुलीपाशी गेली आणि तिने पीठ मळायला घेतलं.